पाचशे रुपये महिना: कायद्यातला एक आकडा वाचताना

आईवडील वेगळे झाले की मुलांच्या खर्चाचा प्रश्न येतो आणि आपण तो दिवाणी कोर्टातला समजतो. पण भारतात या प्रश्नाचा एक जुना धागा फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे, अटक आणि जामिनाच्या नियमांच्या शेजारी. तो तिथे कसा पोहोचला हे कळलं की पुढचं बरंच उलगडतं.

१८६१ च्या संहितेत कलम ३१६ होतं. ऐपत असूनही बायकोला, किंवा स्वतःचं पोट भरू न शकणाऱ्या मुलाला (औरस असो की अनौरस) वाऱ्यावर सोडणाऱ्याला मॅजिस्ट्रेट दरमहा रक्कम द्यायला लावू शकत होता. कमाल मर्यादा ५० रुपये. १८७२ ची संहिता पुढे नेणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने या तरतुदीचा हेतू सरळ सांगितला होता: लोक भटके, निराधार होऊ नयेत. मुलाला काय लागतं हा मुद्दाच नव्हता, ते रस्त्यावर येऊ नये एवढंच बघायचं होतं.

आता ५० हा आकडा घ्या. १८५७ च्या सुमाराला कंपनीच्या पायदळातल्या शिपायाला महिना ७ रुपये पगार होता. म्हणजे मर्यादा त्याच्या पगाराच्या सातपट! ती अडवणार कोणाला? फक्त श्रीमंतांच्या घरातल्या दाव्यांना. गरिबाच्या मुलाला तिचा स्पर्शही होत नव्हता.

१८९८ च्या संहितेत हेच कलम ४८८ या क्रमांकाने आलं. १९२३ मध्ये मर्यादा १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या नव्या संहितेत कलमाचा क्रमांक १२५ झाला, घटस्फोटित स्त्रीलाही 'पत्नी' मानलं गेलं, हे खरंच मोठे बदल. आकडा मात्र तोच, ५००. भाव वाढले म्हणून कलम १२७ खाली रक्कम वाढवून मागता येत होती, पण तिथेही छत ५०० चंच.

त्यात 'एकूण मिळून' असे शब्द होते. बायको आणि दोन मुलं असतील तर ५०० तिघांत वाटायचे का? १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की मर्यादा प्रत्येक दावेदाराला स्वतंत्र आहे, 'एकूण' म्हणजे एका व्यक्तीच्या खर्चाच्या सगळ्या बाबी मिळून. दोन शब्दांच्या अर्थावर घरात येणारी रक्कम तिप्पट होऊ शकत होती.

बरं, या ५०० ची किंमत किती उरली होती? औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक (१९८२ = १००) २०००-०१ मध्ये ४४४ होता. १९६० च्या मालिकेशी जोडायचा गुणक ४.९३. गुणाकार करा: सुमारे २,१८९. म्हणजे त्या वर्षीचे ५०० रुपये १९६० च्या हिशेबात जेमतेम २३ रुपये. विज्ञानवाल्यांना एकक विचारायची सवय असते, रुपयाच्या बाबतीत वर्ष हा एककाचाच भाग धरा.

पाचव्या वेतन आयोगाने सरकारी शिपायाचा मूळ पगार २,५५० वर आणला होता. तेव्हाची मर्यादा त्याच्या एक पंचमांशाहूनही कमी. माझ्या मते या इतिहासातली खरी गोष्ट इथे आहे. श्रीमंतांना अडवणारं छत कुणीही मुद्दाम न हलवता शिपायाच्या लेकरावर येऊन टेकलं. दिवाणी कोर्टात अशी मर्यादा नव्हती, पण तिथे लागणारा वेळ आणि पैसा कोणाकडे असायचा? महाराष्ट्राने १९९९ मध्ये राज्य दुरुस्ती करून मर्यादा १,५०० केली. केंद्राने २००१ मध्ये ती काढूनच टाकली.

छत गेल्यावर अडचण पुराव्याची आली: दोघांची खरी मिळकत किती? नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही सांगितलं. त्या प्रतिज्ञापत्रात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, कर्जाचे हप्ते असं सगळं मांडावं लागतं. जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम १४४ ने घेतली आहे.

कोणाला यावर काम करायचं असेल तर १९५५ ते २००१ मधले आदेश काढा आणि किती ठिकाणी रक्कम बरोबर ५०० वर थांबली आहे ते आधी मोजा. तिथे मॅजिस्ट्रेटने मुलाची गरज मोजली होती की कायद्याचं छत, हे निकालपत्रातल्या कारणांवरून तपासता येईल.