बिनतारी जोडणीचे कुलूप

रावेतहून पवनेच्या काठाने खाली गेले की दापोडीजवळ ती मुळेला मिळते. पलीकडे खडकी. १९२७ साली भारत-इंग्लंड बिनतारी संदेशसेवेचे प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभे राहिले. २३ जुलै रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले. मार्कोनीच्या पद्धतीनुसार लघुलहरी चोहीकडे न सोडता एका झोतात एकवटल्या जात. संदेश कोणीकडे जावा हे बरेचसे अँटेनाची रचनाच ठरवीत असे.

आज रावेतमधील एखाद्या शाळेत चाळीस लॅपटॉप वायफायने जोडले, तर ही सोय राहत नाही. राउटरच्या लहरी सर्व दिशांना पसरतात, भिंत ओलांडून रस्त्यावरही पोहोचतात. मग जाळ्यात कोणी यावे हे कशाने ठरते? यंत्रातील सेटिंगने. म्हणूनच या सेटिंगचा इतिहास आपण शिक्षकांनी समजून घ्यायला हवा.

वायफायचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यात संदेश सांकेतिक करण्यासाठी ‘वेप’ ही पद्धत होती. गुप्त किल्लीला ती २४ बिटांचा एक बदलता अंक जोडी. असे अंक १,६७,७७,२१६ एवढेच. गजबजलेल्या जाळ्यात ते काही तासांत संपतात आणि पुन्हा वापरावे लागतात. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन व शमीर यांनी दाखवले की यांतल्या काही अंकांमुळे, नुसते संदेश ऐकून मूळ किल्लीच शोधता येते. २००४ मध्ये अधिक भक्कम ‘डब्ल्यूपीए-२’ आली.

भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. वायफाय घरोघरी गेले. सेटिंग मात्र ज्याचे त्याने करायचे होते. याची किंमत २००८ मध्ये कळली. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणाऱ्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोहोचला. घरातील लोकांची चौकशी झाली. त्यांचे कुलूप नसलेले वायफाय कोणी परभारे वापरले होते. पुढील दोन महिन्यांत माटुंग्याचे एक महाविद्यालय व चेंबूरची एक कंपनी यांचे वायफायही असेच वापरले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

चाळीस यंत्रांवर चाळीस जणांनी केलेले सेटिंग सारखे कसे राहणार? यावर कार्यालयांनी उपाय काढला होता. विंडोज सर्व्हर २००३ पासून एकाच मध्यवर्ती संगणकावरून सर्व यंत्रांना वायफायचे सेटिंग पाठवता येऊ लागले. जाळ्याचे नाव, सांकेतिकीकरणाची पद्धत आणि ओळख पटवण्याची रीत त्यात लिहिलेली असते. शिवाय २००१ च्या ‘८०२.१एक्स’ मानकामुळे सर्वांना एकच पासवर्ड देण्याऐवजी प्रत्येकाची ओळख वेगळी तपासता येते. एखाद्याची बदली झाली की त्याचेच दार बंद करायचे. यंत्रानेही समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासायचे असते. नाहीतर कोणीही त्याच नावाचे खोटे जाळे उभारून पासवर्ड मिळवू शकेल.

या सोयीत एक मेख आहे. चुकीचे सेटिंग पाठवले तर चाळीसही यंत्रे एकदम जाळ्याबाहेर पडतात. आणि दुरुस्ती ज्या वाटेने यायची ती वाटच तुटलेली असते! म्हणून नवे सेटिंग आधी दोन-तीन यंत्रांवर पाहावे, ते चालेपर्यंत जुने पुसू नये, आणि एक साधी केबल कपाटात ठेवावी. बिनतारी जोडणी सुधारायला शेवटी तार लागते, हे विद्यार्थ्यांनाही जरूर दाखवावे.