सायकलच्या रस्त्यासाठी सरकारी पैसा मिळतो का? सोलापूरचा हिशेब समजून घेऊया

सोलापुरात सायकल चालवणाऱ्यांचे दोन गट दिसतात. एक गट रविवारी पहाटे हेल्मेट घालून, गिअरची सायकल काढून शहराबाहेर पडतो. त्यांचे फोटो आपण सोशल मीडियावर बघतो. दुसरा गट रोजचा. हँडलला जेवणाचा डबा अडकवून पूर्व भागातल्या यंत्रमागावर जाणारा कामगार, घरोघरी पेपर टाकणारी मुलं, शाळेत जाणाऱ्या मुली. यांचे फोटो कुणी काढत नाही. सायकल मार्गाची चर्चा सुरू होते तेव्हा यांची मोजणीही बहुतेक वेळा कुणी केलेली नसते.

आणि सरकारी पैशाच्या बाबतीत ही मोजणीच सगळ्यात महत्त्वाची ठरते. ती कशी, ते पुढे बघू. आधी मूळ प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: फक्त सायकल मार्गांसाठी म्हणून केंद्राची किंवा राज्याची कायमस्वरूपी, वेगळी अनुदान योजना नाही. पैसा आहे, पण तो रस्ते, हवा, स्मार्ट सिटी, वित्त आयोग अशा दुसऱ्याच नावांखाली येतो. त्यामुळे तो मागावा लागतो, आणि योग्य टेबलावर मागावा लागतो.

धोरणात सायकल आहे, मग पैशात का नाही?

केंद्र सरकारचं राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण २००६ चं आहे. रस्त्यावरची जागा वाहनांना नाही, माणसांना वाटून द्यायची, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. सायकल मार्ग आणि पदपथांना केंद्राने पैसा द्यावा, असंही त्यात आहे. त्यासाठीचा पैसा यायचा होता जेएनएनयूआरएम या अभियानातून. ते डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालं होतं.

अडचण अशी, की जेएनएनयूआरएमच्या मुख्य यादीत महाराष्ट्रातली पाचच शहरं होती: बृहन्मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि नांदेड. सोलापूर त्यात नव्हतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ९,५१,५५८ भरली. दहा लाखांच्या उंबरठ्यावर अडकलेलं शहर. या उंबरठ्याचा फटका सोलापूरला पुढेही बसतो, ते लक्षात ठेवा.

ज्या पुण्याला पैसा मिळाला, तिथे काय झालं? बीआरटीच्या कामांबरोबर सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी कडेने सायकल मार्ग झाले. पण बरेच तुकड्या-तुकड्यांचे. मध्येच झाड, मध्येच विजेचा खांब, पुढे लावलेल्या दुचाक्या. सायकलवाला पुन्हा मुख्य रस्त्यावर. अनुदान मिळवणं आणि वापरता येईल असा मार्ग बांधणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुण्याने बऱ्यापैकी पैसे मोजून शिकवलं.

स्मार्ट सिटीचा पैसा कुठे गेला?

२८ जानेवारी २०१६ ला स्मार्ट सिटीची पहिली २० शहरांची यादी जाहीर झाली. महाराष्ट्रातून त्यात दोनच नावं होती, पुणे आणि सोलापूर. सोलापूर देशात नवव्या क्रमांकावर होतं. केंद्राकडून प्रत्येक शहराला ५०० कोटी आणि तेवढीच रक्कम राज्य व महापालिकेने मिळून घालायची, असा हिशेब. कामासाठी सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड ही वेगळी कंपनी स्थापन झाली.

या अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पायी चालणं आणि सायकल या दोन्हींना जागा होती. पण पैशाचा मोठा भाग निवडलेल्या एका भागातच खर्च करायचा होता. सोलापुरात तो भाग म्हणजे सिद्धेश्वर मंदिर, होम मैदान, रंगभवन हा मध्यवर्ती परिसर. यंत्रमाग कामगाराचा रोजचा रस्ता घरापासून कारखान्यापर्यंत असतो. तो योजनेच्या नकाशावरची रेघ बघून वळत नाही.

दुसरं कारण पाणी. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. उजनी भरलेलं असतानाही नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असेल, तर स्मार्ट सिटीचा पैसा समांतर जलवाहिनीकडे वळणं यात चूक काढता येणार नाही. पैसा मर्यादित असला की सायकल मार्गाची स्पर्धा उड्डाणपुलाशी नसते, पाण्याच्या पाइपशी असते. आणि ती तो हरतो. स्मार्ट सिटी अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली, त्यामुळे नव्या कामांसाठी ती खिडकी आता बंद आहे.

याच काळात एक छोटी संधी आली होती. २०२० मध्ये, कोरोनाच्या पहिल्या वर्षात, केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' ही शहरांची स्पर्धा घेतली. शंभरहून जास्त शहरांनी नोंदणी केली. शंकू, रंग आणि तात्पुरते दुभाजक वापरून प्रयोग करायचा, लोकांचं मत घ्यायचं, सुधारणा करायची, अशी पद्धत. शेवटी ११ शहरांना प्रत्येकी १ कोटीचं बक्षीस मिळालं. महाराष्ट्रातली त्यात दोन: नागपूर आणि पिंपरी-चिंचवड. एक कोटीत शहरभर जाळं होत नाही, हे खरं. पण पक्कं बांधकाम करण्याआधी रंगाने आखून बघायचं, ही पद्धत कोणत्याही महापालिकेला स्वतःच्या पैशात परवडते.

मग आता कोणता पैसा उरतो?

पहिला आणि माझ्या मते सर्वात दुर्लक्षित पैसा हवेचा. केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेचे निकष न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. इथे पुन्हा तो दहा लाखांचा उंबरठा येतो. त्यावरच्या मोठ्या शहरांना हवेसाठीचा निधी पंधराव्या वित्त आयोगातून मिळत आला. सोलापूरसारख्या शहरांना तो पर्यावरण मंत्रालयाकडून येतो, आणि तुलनेने बराच कमी असतो.

तो खर्च कशावर होतो? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये देशभराचा हिशेब मांडला. ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला होता. रस्ते झाडण्याची यंत्रं, पाणी फवारणं, खड्डे बुजवणं, कडा पक्क्या करणं. वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांहून कमी.

यातली 'कडा पक्क्या करणं' ही बाब नीट वाचा. डांबराच्या बाहेरची कच्ची पट्टी फरसबंद केली की धूळ कमी होते, म्हणून तो खर्च हवेच्या निधीत बसतो. सायकलवाला नेमका त्याच पट्टीवरून चालत असतो. ती पट्टी दोन मीटर रुंद, सलग आणि मुख्य रस्त्यापासून वेगळी केली, तर एकाच कामात दोन गोष्टी होतात. हे आपोआप होणार नाही. आराखडा तयार होतानाच कुणीतरी ते लिहून मागायला हवं.

दुसरा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दहा लाखांखालच्या शहरांच्या मूळ अनुदानाचे दोन भाग केले. ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. ४० टक्के अबंधित. हा अबंधित भाग पगार आणि आस्थापना खर्च सोडून स्थानिक गरजेनुसार वापरता येतो. सायकल मार्ग त्यात बसतो. अर्थात गटारं, दिवाबत्ती आणि डांबरही त्यात बसतं, आणि ते मागणारे जास्त असतात.

तिसरा राज्याचा. महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियानातून शहरांच्या पायाभूत कामांना निधी मिळतो. त्याचा जिल्हास्तरीय भाग जिल्हा नियोजन समितीतून जातो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. शिवाय आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी. दोघांचाही वर्षाला ५ कोटी. शाळेसमोर सायकल स्टँड, एखाद्या चौकातली दुरुस्ती, अशा लहान कामांना हा सोयीचा.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एक लाख कोटींचा अर्बन चॅलेंज फंड जाहीर केला, त्याकडे अनेकांचे डोळे आहेत. पण त्यात केंद्र २५ टक्क्यांपर्यंतच देणार आणि किमान निम्मा पैसा कर्जरोखे, बँका किंवा खासगी भागीदारीतून उभा करायचा आहे. सायकल मार्गावर टोल लागत नाही. त्यामुळे निव्वळ सायकलसाठी हा फंड कामाचा नाही, मोठ्या प्रकल्पाचा एक भाग म्हणून कदाचित.

तासाला शंभर सायकली

आता मोजणीकडे येऊ. भारतात सायकल मार्गाचे तांत्रिक निकष इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था ठरवते. तिचा आयआरसी ११ हा दस्तऐवज पहिल्यांदा १९६२ मध्ये आला, २०१५ मध्ये सुधारला. १९६२ च्या निकषात एक सोपा आकडा आहे. रस्त्यावर गर्दीच्या तासाला मोटार वाहनं २०० पेक्षा जास्त असतील, तर तासाला १०० सायकली असल्या तरी स्वतंत्र सायकल मार्ग समर्थनीय ठरतो.

सोलापूरच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर २०० वाहनांची अट काही मिनिटांत पूर्ण होईल. उरतो प्रश्न शंभर सायकलींचा. आणि तो कुणीही मोजू शकतं. सकाळी शिफ्ट सुरू होण्याच्या वेळी आणि संध्याकाळी सुटण्याच्या वेळी, तीन वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही दिशा वेगळ्या. कागदावर पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करा. शाळकरी मुलं, बायका, मालवाहू सायकली वेगळ्या नोंदवा. अशोक चौक, कन्ना चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी ही मोजायला चांगली ठिकाणं. 'सायकल मार्ग हवा' असं निवेदन आणि 'या रस्त्यावर सकाळी ८ ते ९ इतक्या सायकली गेल्या' असं निवेदन, यात अभियंत्याच्या दृष्टीने फार फरक असतो. दुसऱ्या निवेदनावर त्याला काहीतरी शेरा लिहावाच लागतो.

मोजणीअभावी पैसा कुठे जातो, त्याचं टोकाचं उदाहरण मुंबईतलं. पवई तलावाभोवती महापालिकेने सायकल ट्रॅक बांधायला घेतला. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला आणि झालेलं बांधकाम काढायला लावलं. तलावाभोवती फेरी मारायला छान वाटतं, पण तिथून कुणी कामावर जात नाही.

इंग्लंडमध्ये यावर एक उपाय केलाय. २०२२ मध्ये तिथे अॅक्टिव्ह ट्रॅव्हल इंग्लंड ही संस्था सुरू झाली. ती स्थानिक परिषदांना सायकल आणि पदपथांसाठी पैसा देते, पण आराखडा राष्ट्रीय निकषांत बसतो का ते आधी तपासते. आपल्याकडे उपयोगिता प्रमाणपत्रात पैसा खर्च झाला का एवढंच विचारलं जातं. मार्गावरून सायकल गेली का, हा रकाना त्यात नसतो.

अर्ज कुणाकडे करायचा?

आधी रस्ता कुणाचा ते शोधा: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा. चुकीच्या कार्यालयात दिलेलं निवेदन 'आमच्या अखत्यारीत येत नाही' एवढ्या एका ओळीवर परत येतं. महापालिकेचा रस्ता असेल तर नगर अभियंता आणि आयुक्त, आणि तेही दिवाळीनंतर लगेच. कारण अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं, आणि तोपर्यंत रकमा ठरलेल्या असतात. मागणी एकाच गोष्टीची करा: सायकल आणि पदपथांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष. रक्कम छोटी असली तरी चालेल. लेखाशीर्ष नसेल तर बाहेरून आलेल्या अनुदानाला लागणारा महापालिकेचा स्वहिस्सा कुठून टाकायचा, इथेच फाइल अडते. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी छोटी कामं सुचवून घेतली जातात. सोलापुरातल्या नगरसेवकांना हे उदाहरण दाखवता येईल.

हवेच्या निधीतून आजवर कोणती कामं झाली, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

कुंभारीचा रस्ता

१९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते कुंभारीजवळच्या रे नगर वसाहतीतल्या १५ हजार घरांचं लोकार्पण झालं. ही घरं विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक यांच्यासाठी. स्वतःचं पक्कं घर ही लहान गोष्ट नाही. पण काम अजूनही बरंचसं शहरात, आणि घर अक्कलकोट रस्त्याला शहराच्या हद्दीबाहेर. घराचा पैसा आवास योजनेचा, रस्ता राष्ट्रीय महामार्ग, वसाहत ग्रामीण हद्दीत, कामाचं ठिकाण महापालिकेत. सायकलने येणाऱ्या कामगारासाठी कडेची पट्टी कोणी करायची, याचं उत्तर चार कार्यालयांमध्ये वाटलं गेलंय. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार मेले.

या रस्त्यासाठी दोन पत्रं लागतील. हद्दीबाहेरच्या भागासाठी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला, सेवा रस्त्याच्या कडेने सलग पट्टी मागणारं. हद्दीच्या आतल्या भागासाठी महापालिकेला, हवेच्या निधीतून. दोन्हींना तीच मोजणी जोडायची. आणि काम मंजूर झालंच, तर निविदेत दोषदायित्व कालावधी किती वर्षांचा आहे ते बघून घ्या. अनुदान बांधकामासाठी असतं, देखभालीसाठी नसतं. पट्टीवरचा पांढरा रंग दोन पावसाळ्यांत पुसट झाला, की तो पुन्हा मारायचा खर्च महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून येतो.