विकेंद्रित समाजमाध्यमांची वाटचाल व बदलती संस्कृती : यूजनेट ते मॅस्टोडॉन

प्रस्तावना

समाजमाध्यमांचा इतिहास सामान्यतः मोठ्या कंपन्यांचा इतिहास म्हणून मांडला जातो. फेसबुक, ट्विटर यांची स्थापना, त्यांचे भांडवल आणि त्यांचे मालक यांभोवती तो फिरतो. या मुख्य प्रवाहाला समांतर अशी दुसरी एक परंपराही आहे. तिच्यात संपूर्ण जाळ्याचा कोणी एक मालक नसतो. अनेक स्वतंत्र सर्व्हर समान नियमांनी परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करतात. एका टपाल कार्यालयात टाकलेले पत्र दुसऱ्या राज्यातील कार्यालयातून वाटले जावे, तशीच ही रचना होय. फरक एवढाच की, येथे प्रत्येक कार्यालयाचा पोस्टमास्तर स्वतंत्र असतो आणि कोणाची पत्रे स्वीकारावयाची हे तोच ठरवतो. विकेंद्रित माध्यमांच्या संस्कृतीतील बहुतेक संघर्ष या पोस्टमास्तराच्या अधिकाराभोवती घडले आहेत.

यूजनेटचा वारसा

१९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. १९८० मध्ये ड्यूक व शेजारचे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांच्या संगणकांत दूरध्वनीच्या तारांवरून संदेशांची ये-जा सुरू झाली. केंद्रीय संगणक नव्हता. तथापि सत्ता नव्हती असे म्हणता येत नाही. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचा खर्च ज्या संस्था उचलत, त्यांच्या व्यवस्थापकांचा शब्द जड ठरत असे. १९८६-८७ मध्ये याच मंडळींनी चर्चागटांच्या नावांची फेरमांडणी केली. कोणत्या विषयाला जागा द्यावी यावर वाद झाले आणि त्यातूनच १९८७ मध्ये जॉन गिलमोर, ब्रायन रीड आदींनी 'ऑल्ट' ही वेगळी शाखा काढली. नियम मान्य नसतील तर वेगळी चूल मांडण्याची ही मुभा केंद्रित माध्यमात नसते.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि त्यांना यूजनेटचे शिष्टाचार शिकविण्यात जुन्या सदस्यांचे काही आठवडे जात. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी सेवांचे ग्राहक मोठ्या संख्येने आत आले आणि हा ओघ थांबेनासा झाला. जुन्या मंडळींनी या काळाला 'कधीही न संपणारा सप्टेंबर' असे नाव दिले. या नावात विनोद आहे, तसा थोडा अहंकारही आहे. ज्यांना ते उपरे समजत होते, त्यांच्यामुळेच हे माध्यम विद्यापीठाबाहेरच्या माणसांचे झाले. परदेशस्थ मराठी भाषकांचाही यूजनेटवर 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' हा चर्चागट होता. मे २०१० मध्ये ड्यूक विद्यापीठाने आपला यूजनेट सर्व्हर बंद केला.

मॅस्टोडॉनचा उदय

मधल्या काळातील प्रयत्नांचा उल्लेख थोडक्यात करणे पुरेसे आहे. २००८ मध्ये माँट्रियल येथील इव्हान प्रोड्रोमू यांनी 'आयडेंटिका' सुरू केले. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी 'डायस्पोरा'साठी दहा हजार डॉलरचे आवाहन केले असता दोन लाखांच्या घरात निधी जमला. फेसबुकविषयीची अस्वस्थता किती खोल होती, हे त्यावरून कळते. अस्वस्थतेतून निधी उभा राहिला, पण सर्वसामान्यांना स्थिरावता येईल असे माध्यम उभे राहिले नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये जर्मनीतील ऑयगन रोख्को या तरुण संगणकतज्ज्ञाने 'मॅस्टोडॉन' जाहीर केले. मुक्तस्रोत असल्याने कोणासही आपला सर्व्हर उभारता येत होता आणि निरनिराळ्या सर्व्हरवरील सदस्य एकमेकांशी बोलू शकत होते. २३ जानेवारी २०१८ रोजी 'ॲक्टिव्हिटीपब' या संपर्कनियमास डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची मान्यता मिळाली आणि 'फेडिव्हर्स' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळ्याला समान भाषा लाभली.

प्रारंभीच्या सदस्यांत ट्विटरवरील छळाला कंटाळलेल्या समलिंगी व पारलिंगी व्यक्तींचे प्रमाण लक्षणीय होते. त्यांच्या अनुभवाची छाप यंत्रणेवर पडली. दुसऱ्याचा मजकूर उद्धृत करून त्याची टर उडविण्याची सोय मुद्दामच ठेवण्यात आली नाही. संवेदनशील मजकुरावर सूचनेचा पडदा टाकण्याची सोय मात्र आवर्जून करण्यात आली. तांत्रिक वाटणारे हे निर्णय वास्तविक सामाजिक होते.

जुलै २०१९ मध्ये अतिउजव्या विचारांच्या 'गॅब' या माध्यमाने मॅस्टोडॉनचीच प्रणाली स्वीकारली. मुक्त परवान्यामुळे त्यास अडविणे शक्य नव्हते. अनेक सर्व्हरांनी मग गॅबशी संपर्क तोडला. बहिष्काराचा हा निर्णय कोणा एका केंद्राने घेतला नव्हता, तरीही तो परिणामकारक ठरला. बहिष्कार या शब्दाला आपल्याकडे जातपंचायतीचा इतिहास चिकटलेला आहे. त्यामुळे हे हत्यार कोणाच्या हाती आहे आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न येथे दुर्लक्षिता येत नाही. फेडिव्हर्समध्ये संपर्क तोडण्याविरुद्ध दाद मागण्याची समान यंत्रणा नव्हती.

२०१९ : भारतीय स्थलांतर

त्याच वर्षी या माध्यमाचा भारताशी ठळक संबंध आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ विधिज्ञ संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. नाझी सलामी देण्यास नकार देणाऱ्या ऑगस्ट लांडमेसर याचे छायाचित्र त्यांनी लावले होते. नाझीविरोधाचे चित्रच आक्षेपार्ह ठरले! खाते पूर्ववत होऊन पुन्हा बंद झाले. याच सुमारास ट्विटर खात्यांना निळी खूण देताना जातीय पक्षपात करते, असा आरोप आंबेडकरवादी कार्यकर्त्यांनी केला. नोव्हेंबरच्या आरंभी अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली.

या लाटेतील बहुसंख्य पुढे तेथे रमले नाहीत, कारण त्यांचा वाचकवर्ग ट्विटरवरच राहिला होता. तरीही एक खूण उरली. 'मॅस्टोडॉन.सोशल' या सर्वांत मोठ्या सर्व्हरच्या नियमांत वंशद्वेष, लिंगभेद यांच्या जोडीने जातिभेदाचाही नामनिर्देश झाला. युरोपात चालविल्या जाणाऱ्या एका सर्व्हरच्या नियमावलीत जातीचे नाव येणे ही लहान घटना नव्हे. भेदभावाचा हा प्रकार जेथे पूर्वी कोणाच्या ध्यानीही नव्हता, तेथे तो निदान नियमभंग म्हणून नोंदविता येऊ लागला.

२०२२ नंतर

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी ईलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले. मॅस्टोडॉनचा महिनाभरात वापर करणाऱ्यांची संख्या सुमारे तीन लाखांवरून नोव्हेंबरमध्ये पंचवीस लाखांवर गेली. पुन्हा एकदा सप्टेंबर आला. जुने सदस्य नवागतांना शिष्टाचार शिकवू लागले आणि त्यातून एक गंभीर वाद उद्भवला. वंशद्वेषाविषयी लिहिताना सूचनेचा पडदा वापरावा, असे अनेक कृष्णवर्णीय सदस्यांना सांगण्यात आले. आपले रोजचे जगणे 'संवेदनशील मजकूर' म्हणून का झाकावे, असा त्यांचा प्रश्न होता. छळ झालेल्यांच्या संरक्षणासाठी निर्माण झालेली प्रथा दुसऱ्या छळ झालेल्यांचे तोंड बंद करण्यास वापरली गेली. या माध्यमाच्या इतिहासातील ही सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणावी लागेल.

दुसरा ताण श्रमाचा होता. बहुतेक सर्व्हर स्वयंसेवक पदरमोड करून किंवा देणग्यांवर चालवीत होते. २०२३ मध्ये 'मॅस्टोडॉन.लॉल' हा हजारो सदस्यांचा सर्व्हर त्याच्या चालकाने बंद करण्याचे ठरविले. सदस्यांना अनुयायी सोबत नेता आले, जुने लेखन मात्र नव्या घरी नेता आले नाही. शासकीय पाठबळही टिकाऊ ठरले नाही. युरोपीय संघाच्या संस्थांसाठी एप्रिल २०२२ मध्ये सुरू केलेला 'ईयू व्हॉइस' हा सर्व्हर मे २०२४ मध्ये बंद झाला. वेगळा मार्ग 'सोशल.कूप' या सर्व्हरने चोखाळला. तेथे सभासद वर्गणी भरतात आणि निर्णयांत मत देतात. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील अभ्यासकांनी या प्रयोगाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

मोठ्या कंपन्यांनीही या परंपरेकडे पाठ फिरविली नाही. मेटाने जुलै २०२३ मध्ये 'थ्रेड्स' सुरू केले आणि त्या डिसेंबरपासून ॲक्टिव्हिटीपबद्वारे फेडिव्हर्सशी जोडणीची चाचणी आरंभिली. अनेक लहान सर्व्हरांनी तिच्याशी संपर्क न ठेवण्याची प्रतिज्ञा आधीच केली होती. रोख्को यांनी मात्र या जोडणीचे स्वागत केले. आपल्या सर्व्हरपुरता निर्णय घेण्यास प्रत्येक चालक मोकळा असल्याने दोन्ही भूमिका एकाच जाळ्यात नांदल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मॅस्टोडॉनने इतरांचा मजकूर उद्धृत करण्याची सोय अखेर दिली. आपले लेखन कोणी उद्धृत करावे, हे ठरविण्याचा अधिकार मूळ लेखकाकडे ठेवण्यात आला. त्याच महिन्यात रोख्को यांनी प्रमुखपद सोडले आणि मॅस्टोडॉनचे बोधचिन्ह व इतर मालमत्ता एका ना-नफा संस्थेकडे सोपविण्याचा निर्णय जाहीर झाला.