हरणाचा रस्सा

आमच्या घरात मसुराच्या आमटीला ‘हरणाचा रस्सा’ म्हणतात. नवी सून आली की पहिल्यांदा ते ऐकून ताटाकडे बिचकून बघते, आणि मग कुणीतरी गोष्ट सांगायला सरसावतं. सांगणाऱ्यागणिक ती बदलते. मी आपली आबांची, म्हणजे आजोबांची, धरून चालतो. त्या दिवशी ते स्वतः माळावर होते. निदान तसं म्हणायचे तरी.

काळ कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा, म्हणजे १९२२ ते १९४० मधला कधीतरी. आबांचे मामा दरबाराच्या बैलांकडे होते. चित्त्याकरवी काळवीट धरायचा संस्थानाला भारी षोक, आणि चित्ते यायचे थेट आफ्रिकेतून. इथले संपतच आले होते. बंदिवासात तेव्हा चित्ता वीत नसे म्हटलं तरी चालेल, आणि पिल्लू आणून वाढवलं तर त्याला शिकार येत नाही असं मानायचे. म्हणून आईच्या हाताखाली तयार झालेला जाणता चित्ताच धरून माणसाळवायचा. मोगलांच्या आधीपासून धरत आल्यावर रानात उरणार किती?

माणसाळवायचा म्हणजे कसा, तर चित्तेवान त्याला खाटेवर आपल्या शेजारी निजवायचा, भर बाजारातून फिरवायचा. एकदा चित्त्यानं आबांच्या मांडीवर मान टाकली होती म्हणे. हे मीठ आबांनी नंतर घातलं असावं.

मामांनी त्या दिवशी भाच्याला गाडीत मागं कोंबलं, भाकरीच्या गाठोड्याशेजारी. माळ हातकणंगल्याकडचा की शिरोळकडचा, यावर घरात एकमत नाही. माणूस पायी दिसला की काळवीट उधळतं, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या बघण्यातली. म्हणून चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर बसवायचं आणि कळपाकडे सरळ न जाता वळसे घेत, वाट चुकल्यासारखं सरकत राहायचं. खोकायचं नाही, बोलायचं नाही.

कळपात एक काळाभोर नर होता, पिळाच्या शिंगांचा. चित्तेवानानं टोपी काढली, मान त्या दिशेला वळवली आणि दोरी सोडली. चित्ता गाडीवरून ओघळल्यासारखा उतरला, पोट जमिनीला लावून पुढं गेला. आणि तेवढ्यात घोटाळा झाला. आबा म्हणायचे, दुसऱ्या गाडीच्या बैलाचं घुंगूर वाजलं. मामांच्या घरचे आजही शपथेवर सांगतात की आबाच शिंकले. कळपानं माना वर केल्या आणि उड्या घेत सुटला. “धुरळा दिसला, हरणं दिसली, चित्ता काय मला दिसलाच न्हाई बघ,” आबा म्हणायचे.

चित्त्याचा दम काहीशे पावलांचा. तेवढ्यात साधलं तर साधलं, नाहीतर तो सोडून देतो. हा एका बांधाला जाऊन बसला, जीभ बाहेर, कुणाकडे बघेना. शिकार साधली की चित्तेवान लांब दांड्याच्या लाकडी पळीत रक्त धरून त्याच्यापुढं करायचा; तो ते चाटण्यात गुंतला की टोपी चढवायची. त्या दिवशी पळी कोरडीच. चित्तेवान “ये राजा, ये” करत बसला आणि राजा फुगलेला. दुसरा डाव झालाच नाही.

मग सगळे बाभळीखाली बसले. जोंधळ्याची भाकरी, मिरचीचा खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि मडक्यातलं दही. इथं आले की आबा रेंगाळायचे. खर्ड्यात शेंगदाणे किती होते, दह्याला धुराचा वास कसा होता, सगळं सांगायचे. आजी आतून म्हणायची, “हरणाचं सांगा म्हटलं तर भाकरीतच बसलाय कवाधरनं.”

इकडं घरी मटणाचा वाटा येणार म्हणून मामींनी दुपारपासून पाट्यावर बसून खोबरं, तीळ, खसखस, लसूण वाटून ठेवलेलं. दिवेलागणीला मामा हात हलवत आले. एवढं वाटण टाकणार कुठं? मसूर शिजवला आणि त्यात घातलं. आबांच्या म्हणण्याप्रमाणे तसला रस्सा पुन्हा झाला नाही.

शिकार साधली असे दिवस पुष्कळ असतील. त्यातला एकही आमच्या घरात कुणाला आठवत नाही. १९४९ साली संस्थान विलीन झालं. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं, १९७२ च्या कायद्यानं काळविटाची शिकारच बंद पडली. तो काळवीट त्या दिवशी सुटला याचं मला बरंच वाटतं. आबांना हे कधी बोललो नाही. त्यांना हळहळ चित्त्याची होती.

१७ सप्टेंबर २०२२ ला टीव्हीवर कुनोच्या जंगलात चित्ते सोडताना दाखवत होते. आत्ती, आबांची थोरली लेक, डोळे बारीक करून बघत होती.

“कुठनं आणलं म्हणं?”

“नामिबियातनं. आफ्रिकेतनं, आत्ती.”

“मग त्यात नवं ते काय? आपलंबी तिकडनंच यायचं की.” थोडं थांबून म्हणाली, “तेवढं बैलांची घुंगरं काढा म्हणून सांगा त्यास्नी. माझा बा शिंकला न्हवता.”