पणजोबा जनगणनेत सापडतात का? मीरा-भाईंदरमधून पूर्वजांचा माग कसा काढायचा?

परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जुन्या जनगणनेचं पान उघडायचं आणि त्यात पणजोबांचं नाव, वय, धंदा, घरात कोण कोण होतं, सगळं सापडतं. मग आपल्याकडे हे का होत नाही? आणि होत नसेल, तर दुसरा मार्ग कोणता?

जनगणनेत नाव का मिळत नाही?

भारतात देशभर एकाच वेळी पहिली जनगणना १८८१ मध्ये झाली. त्यानंतर २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार प्रगणकाने भरलेली नोंद पाहण्याचा हक्क कोणालाही नाही. दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. आकडेवारी तयार झाल्यावर घरोघरचे मूळ अर्ज सहसा जपून ठेवले जात नाहीत.

अमेरिकेत वैयक्तिक नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे तिथली १९५० ची जनगणना २०२२ मध्ये सर्वांना पाहता आली. इंग्लंडमध्ये ही मुदत १०० वर्षांची आहे. आपल्याकडे अशी मुदतच नाही.

मग जनगणनेचा उपयोग काय?

माणूस मिळाला नाही तरी त्याचं गाव मिळतं. १९५१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावनिहाय घरं, लोकसंख्या, साक्षर आणि उपजीविका यांचे आकडे आहेत. मीरा-भाईंदर नगरपरिषद १९८५ मध्ये झाली आणि महानगरपालिका २००२ मध्ये. त्याआधी भाईंदर, नवघर, राई, मुर्धे, उत्तन, काशी, मिरे, घोडबंदर ही वेगवेगळी गावं होती. म्हणून जुन्या कागदात ‘मीरा-भाईंदर’ शोधू नका, गावाचं नाव शोधा. तालुका ‘साष्टी’ असा लिहिलेला दिसला तरी गोंधळू नका. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात गेला आणि हा उत्तरेकडचा भाग ठाणे जिल्ह्यात राहिला.

गावाचं जुनं वर्णन हवं असेल तर १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचा. मिठागरं, शेती, मासेमारी, बंदरं यांची माहिती त्यात मिळते.

नाव कोणत्या कागदात सापडतं?

*गाव नमुना १४.* यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी यात असतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव आणि अंदाजे वर्ष देऊन नक्कल मागता येते. बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच आणि पुढे बापाचं नाव व जात असते. म्हणून बापाच्या नावाने शोधा.

*फेरफार.* सातबारा आज कोणाच्या नावावर जमीन आहे ते सांगतो. ती कशी आली, हे फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असतं. माणूस वारला की वारसांची नोंद होते आणि एका ओळीत दोन पिढ्या मिळतात. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतरचे फेरफार जरूर पाहा. कुळ कायद्याने अनेक कुळं तेव्हा जमिनीची मालक झाली.

*शाळेचं जनरल रजिस्टर.* जन्मतारीख, जात, जन्मगाव आणि आधीची शाळा एकाच ओळीत मिळते. जन्मतारीख १ जून असेल तर सावध राहा. खरी तारीख माहीत नसली की मास्तर तीच लिहीत.

*चर्चच्या नोंदवह्या.* उत्तन, डोंगरी, पाली भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी सगळ्यात उपयोगी. आईवडिलांसोबत धर्ममातापित्यांचीही नावं असतात, त्यामुळे नातेवाईकांचा धागा लागतो.

*तीर्थोपाध्यायांच्या वह्या.* त्र्यंबकेश्वर, नाशिकला श्राद्धाला गेलेल्या घरांच्या पिढ्या उपाध्यायांकडे गावानुसार लिहिलेल्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की वही निघते.

जुने कागद मोडीत असू शकतात. तेव्हा मोडी वाचणाऱ्याची मदत घ्यावी लागते.

कुटुंब बाहेरगावचं असेल तर?

शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ होती, २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. म्हणजे इथल्या बहुतेक घरांचे कागद इथे नाहीतच. आजोबा मालवणहून आले असतील तर जुन्या कागदात जिल्हा रत्नागिरी असेल, कारण सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. पालघर तर २०१४ पर्यंत ठाण्यातच होतं.

घरातल्या गोष्टींचं काय करायचं?

त्यांना वर्ष लावायचं. समजा आजी म्हणते, ‘मानमोडीत माझे आजोबा गेले, तेव्हा माझी आई कडेवर होती.’ मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. मग आईचा जन्म १९१६ ते १९१८ च्या आसपासचा आणि मृत्यूची नोंद १९१८ च्या कोतवाल बुकात शोधायची. ‘गोदीत स्फोट झाला तेव्हा’ म्हणजे १४ एप्रिल १९४४. ‘कोयनेचा भूकंप’ म्हणजे ११ डिसेंबर १९६७. ‘गिरण्यांचा संप’ म्हणजे जानेवारी १९८२ नंतर.

गोष्ट आणि कागद जुळले नाहीत तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका. वय अंदाजाने लिहिलं जाई, एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असत. नाव, बापाचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर यांतल्या किमान तीन गोष्टी जुळल्या तरच तो आपला माणूस धरा. बायकांसाठी माहेरचं नाव आणि गाव आधी विचारा. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर सासरच्या नावाने मागे जाता येत नाही.

हा फक्त हौसेचा विषय आहे का?

नाही. जात प्रमाणपत्रासाठी हेच कागद लागतात. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. इथल्या आगरी घरातल्या मुलीचा प्रवेश आजोबांच्या शाळेच्या एका नोंदीवर अडू शकतो. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधल्या, त्याही अशाच जुन्या दप्तरांतून.

सुरुवात कुठून करायची?

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापासून. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. नावं, गावं, शाळा, जमीन, कुलदैवत आणि कोण कुठे वारलं, हे विचारा. नंतर कागदांकडे जा, कारण नोंदवही दहा वर्षांनीही अभिलेख कक्षात असेल, आजीचं तसं नाही. फोटोंच्या मागे नाव, नातं आणि वर्ष आजच पेन्सिलीने लिहून ठेवा.