वापरलेल्या आधुनिक मसल कारची खरेदी

आधुनिक मसल कार ही संज्ञा साधारणपणे २००५ नंतर अमेरिकेत विक्रीस आलेल्या, मोठ्या व्ही-८ इंजिनाच्या, प्रामुख्याने मागील चाकांना शक्ती पुरवणाऱ्या आणि त्या शक्तीच्या मानाने माफक किमतीच्या मोटारगाड्यांसाठी वापरली जाते. फोर्ड मस्टँग, शेव्रोले कॅमेरो, डॉज चॅलेंजर आणि चार दारांची डॉज चार्जर या तिच्यातील प्रमुख गाड्या होत. काटेकोर वर्गीकरणात मस्टँग व कॅमेरो यांना ‘पोनी कार’ म्हटले जाते. बाजारात मात्र हा भेद फारसा पाळला जात नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या चॅलेंजरचे आणि कॅमेरोचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले, त्यामुळे या दोन गाड्या घेऊ इच्छिणाऱ्यास मुख्यतः वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावर अवलंबून राहावे लागते. या बाजारात गाडी किती मैल चालली यापेक्षा ती कशी चालवली गेली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

१९६४ मधील पाँटियाक जीटीओपासून मसल कारचे युग सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. विम्याचे वाढलेले हप्ते, प्रदूषणविषयक कायदे आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे ते दशकभरातच ओसरले. २००२ मध्ये कॅमेरोचेही उत्पादन बंद झाले होते. २००५ च्या मस्टँगने साठच्या दशकातील बाह्यरूप पुन्हा आणले व तिला मोठा प्रतिसाद मिळाला. तिच्यामागून २००८ मध्ये चॅलेंजर आणि २०१० च्या मॉडेल वर्षात कॅमेरो परत आली. पुढे शक्तीची स्पर्धा सुरू झाली. २००५ च्या मस्टँग जीटीचे ४.६ लिटरचे इंजिन ३०० अश्वशक्तीचे होते. २०११ मध्ये आलेले ५ लिटरचे ‘कोयोटी’ इंजिन ४१२, तर २०१८ मधील त्याची आवृत्ती ४६० अश्वशक्तीची होती. २०१५ च्या चॅलेंजर हेलकॅटमध्ये सुपरचार्जरयुक्त ६.२ लिटर इंजिनाची शक्ती ७०७ अश्वशक्तीवर गेली. एवढ्या शक्तीच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती, बहुधा वॉरंटी संपल्यावर, जात आहेत.

ओळख व कागदपत्रांची पडताळणी

अमेरिकेत १९८१ पासून प्रत्येक गाडीला १७ अक्षरांकांचा वाहन ओळख क्रमांक असतो. वर उल्लेखिलेल्या गाड्यांमध्ये त्यातील आठवे स्थान इंजिनाचा प्रकार आणि दहावे स्थान मॉडेल वर्ष दर्शवते. व्ही-६ इंजिनाच्या गाडीवर व्ही-८ आवृत्तीची चिन्हे व बंपर बसवून ती विकण्याचे प्रकार घडतात. केवळ आठवे अक्षर पाहिल्याने ही फसवणूक उघड होते. हा क्रमांक डॅशबोर्ड, दाराच्या चौकटीवरील पट्टी आणि मालकीपत्र या तिन्ही ठिकाणी एकच असावा लागतो. चोरीच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा क्रमांक लावला जाण्याची शक्यता या वर्गात विशेष आहे. विमा उद्योगाच्या आकडेवारीनुसार २०२० ते २०२२ या मॉडेल वर्षांतील चार्जर हेलकॅटच्या चोरीच्या दाव्यांचे प्रमाण सरासरी गाडीच्या ६० पटींहून अधिक होते.

अपघातात किंवा पुरात मोठी हानी झालेल्या गाडीच्या मालकीपत्रावर ‘सॅल्व्हेज’, आणि दुरुस्तीनंतर ‘रीबिल्ट’ असा शेरा मारला जातो. वेगवेगळ्या राज्यांचे नियम वेगळे असल्याने गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवून हा शेरा पुसण्याचे प्रयत्न होतात. त्यांना आळा घालण्यासाठी मालकीपत्रांची राष्ट्रीय माहिती प्रणाली अस्तित्वात आहे. खासगी कंपन्यांचे इतिहास-अहवालही मिळतात, परंतु विमा कंपनीला न कळवता केलेली दुरुस्ती त्यांत बहुधा दिसत नाही. अहवाल स्वच्छ असणे म्हणजे गाडी स्वच्छ असणे नव्हे. रंगाच्या थराची जाडी मोजणे आणि गाडी लिफ्टवर चढवून खालील सांगाडा पाहणे याला त्यामुळे पर्याय उरत नाही.

सदोष एअरबॅग

या खरेदीतील सर्वांत गंभीर धोका इंजिनाचा नसून एअरबॅगचा आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅग फुगवणाऱ्या यंत्रणेत अमोनियम नायट्रेट वापरले जाई. उष्णता व दमटपणामुळे ते कालांतराने बिघडते आणि अपघाताच्या वेळी यंत्रणेचे धातूचे कवच फुटून तुकडे प्रवाशांवर उडतात. अनेक वर्षांच्या मस्टँग, चार्जर व चॅलेंजर गाड्या या कारणासाठी परत बोलावण्यात आल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये २००५ ते २०१० या काळातील चार्जर, चॅलेंजर व अन्य काही मॉडेल्सच्या दुरुस्ती न झालेल्या सुमारे २ लाख ७६ हजार गाड्या अजिबात चालवू नयेत, असा इशारा उत्पादकाने दिला. दुरुस्ती विनामूल्य आहे. तथापि अशी दुरुस्ती बाकी असलेली वापरलेली गाडी विकण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने विक्रेत्यास मनाई केलेली नाही. तपासण्याची जबाबदारी व्यवहारतः ग्राहकावरच पडते. केंद्रीय रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ओळख क्रमांक टाकून ही माहिती क्षणात व फुकट मिळते. २०१० ते २०१४ च्या सुमारे ५ लाख कॅमेरोही २०१४ मध्ये परत बोलावल्या गेल्या होत्या; चालकाचा गुडघा किल्लीला लागून इंजिन बंद पडण्याचा दोष त्यांच्यात होता.

यांत्रिक तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून ऐकणे ही या गाड्यांची सर्वांत उपयुक्त परीक्षा होय. डॉजच्या ‘हेमी’ इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटण्याची तक्रार सर्वज्ञात आहे. तेव्हा येणारी टिकटिक इंजिन तापून धातू प्रसरण पावल्यावर बहुधा थांबते. इंजिन तापल्यानंतरही टिकटिक चालूच राहिली, तर लिफ्टरचे रोलर व कॅमशाफ्ट झिजल्याची शंका घ्यावी लागते, आणि ती दुरुस्ती फार महाग असते. ग्राहक येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवणारा विक्रेता त्यामुळे संशयास पात्र ठरतो.

पाचव्या पिढीच्या कॅमेरो एसएसमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससोबत कमी भार असताना चार सिलिंडर बंद ठेवणारे इंजिन दिलेले होते. त्या यंत्रणेचे लिफ्टर निकामी होण्याच्या तक्रारी आहेत. मॅन्युअल गिअरच्या गाडीतील इंजिनात ही यंत्रणा नसल्याने जाणकार तिला पसंती देतात. ४.६ लिटरच्या सुरुवातीच्या मस्टँगमध्ये दोन भागांत जोडलेले स्पार्क प्लग काढताना तुटून सिलिंडर हेडमध्ये अडकतात. ते आधीच बदललेले असल्यास त्याची पावती मागणे योग्य. २०११ पासूनच्या सहा गिअरच्या मॅन्युअल मस्टँगमध्ये, विशेषतः थंडीत, दुसरा गिअर अडखळत पडण्याची तक्रार होती.

पूर्वीच्या मालकाने केलेले फेरफार हा स्वतंत्र विषय आहे. संगणकीय ‘ट्यून’ बदलून शक्ती वाढवणे, सुपरचार्जर बसवणे, गाडी शर्यतीच्या पट्टीवर नेणे हे या गाड्यांच्या बाबतीत अपवादात्मक नाही. विक्रीपूर्वी मूळ भाग परत बसवले जातात, तरी खुणा राहतात. मागील टायर पुढच्यांपेक्षा बरेच नवे असतील तर ते जाळले गेल्याचा अंदाज करता येतो. टायरच्या कडेवरील चार आकडे निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगतात. स्कॅनर लावल्यावर प्रदूषण नियंत्रणाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसल्यास दोषसंकेत नुकतेच पुसले असावेत किंवा बॅटरी काढली गेली असावी. कॅलिफोर्नियात राज्याची मान्यता नसलेल्या भागांमुळे गाडी प्रदूषण चाचणीत नापास होऊ शकते, आणि तो खर्च नव्या मालकावर येतो.

व्यवहार व खर्च

विक्रेत्याने गाडीच्या काचेवर लावायच्या पत्रकात वॉरंटी आहे की गाडी ‘आहे त्या स्थितीत’ विकली जात आहे, हे नमूद करणे संघीय नियमाने बंधनकारक आहे. खासगी मालकाला हा नियम सहसा लागू नसतो. तीन दिवसांत गाडी परत करता येते हा समज प्रचलित असला तरी विक्रेत्याच्या दालनात घेतलेल्या गाडीला असा कोणताही संघीय हक्क नाही. तरुण ग्राहकांच्या बाबतीत विम्याचा हप्ता कधीकधी कर्जाच्या हप्त्याच्या बरोबरीला जातो. म्हणून ओळख क्रमांक देऊन विम्याचा दर आधी मागवणे इष्ट असते.

भारतातील स्थिती

भारतात यांपैकी केवळ मस्टँग अधिकृतपणे विकली गेली. सहाव्या पिढीत ती प्रथमच कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगसह तयार होऊ लागली आणि २०१६ मध्ये ५ लिटर व्ही-८ इंजिन व ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह सुमारे ६५ लाख रुपयांना भारतात आली. वापरलेली गाडी परदेशातून आणायची झाल्यास ती तीन वर्षांहून जुनी नसावी व उजव्या स्टिअरिंगची असावी, अशी आयात धोरणाची अट आहे. चॅलेंजर कारखान्यातून केवळ डाव्या स्टिअरिंगची निघत असल्याने तिचा मार्ग या अटीनेच बंद होतो. देशातच नोंदलेली मस्टँग घेताना प्रादेशिक परिवहन कार्यालयात नमुना २९ व ३०, आणि गाडीवर कर्ज असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ दाखल करावा लागतो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केल्यामुळे अशा गाडीची दुरुस्ती कोण करणार आणि सुटे भाग कोठून येणार, हे व्यवहारापूर्वीच ठरवावे लागते.