फलकावरचे घर आणि नोंदीतले घर

नालासोपारा, प्रतिनिधी - स्थानक कोणत्या अंतरावर आहे, इमारतीत कोणत्या सुविधा मिळतील आणि मासिक हप्ता किती बसेल, हे गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असते. त्याच बांधकाम व्यावसायिकाचे आधीचे प्रकल्प किती रखडले, घराचा ताबा किती वेळा लांबला आणि जमिनीवर कोणता दावा प्रलंबित आहे, याचा मात्र तेथे उल्लेख नसतो. ही माहिती देणे आता कायद्याने बंधनकारक आहे. परंतु ती फलकावर नव्हे, तर नियामकाच्या संकेतस्थळावर असते.

गैरसोयीचे आकडेही बंधनकारक

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम ४ नुसार प्रकल्पाची नोंदणी करताना विकासकाला गेल्या पाच वर्षांतील आपल्या प्रकल्पांचा तपशील द्यावा लागतो. त्यांची सद्यःस्थिती, झालेला विलंब आणि प्रलंबित खटले यांचा त्यात समावेश असतो. खोटी माहिती दिल्यास प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. किती घरांची नोंदणी झाली आणि काम कोठवर आले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करावे लागते. राज्यात १ मे २०१७ पासून ही व्यवस्था 'महारेरा' पाहते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही सक्तीचे झाले आहे. तो मोबाइलवर स्कॅन केल्यास प्रकल्पाची नोंद थेट पाहता येते.

क्षेत्रफळाचे गणित

या कायद्यापूर्वी 'सुपर बिल्टअप' क्षेत्रफळावर घरे विकण्याची पद्धत सर्रास होती. समजा, ६०० चौरस फुटांचे घर ५,००० रुपये दराने ३० लाखांना विकले आणि चटई क्षेत्रावर ४० टक्के वाढ धरली असेल, तर प्रत्यक्ष चटई क्षेत्र सुमारे ४२९ चौरस फूट भरते. म्हणजे खरा दर ७,००० रुपये होतो. आकडा खोटा नव्हता, पण तो ग्राहकाला वापरता येणाऱ्या जागेचा नव्हता. आता कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या केली आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची त्यात धरली जात नाही. घरातल्या भिंती मात्र धरल्या जातात.

अगरवाल नगरीचा धडा

माहिती दडवल्याची किंमत कोण मोजतो, हे नालासोपारा पूर्वेने पाहिले आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित जमिनीवर उभ्या राहिलेल्या अगरवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारतींवर न्यायालयाच्या आदेशानंतर कारवाई झाली. जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या इमारती पाडण्याचे मोठे काम सुरू झाले. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. या इमारती नव्या कायद्याआधीच्या होत्या. जमीन आरक्षित असल्याचे तेव्हा ग्राहकाला विकासकाने सांगितले नाही, तर ते शोधण्याचा सोपा मार्गही नव्हता.

क्रमांक म्हणजे हमी नव्हे

तथापि, नोंदणी क्रमांक दिसला म्हणजे सारे काही ठीक आहे, असे समजणे धोक्याचे आहे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्या दाखवून महारेरा क्रमांक मिळवल्याचे उघड झाले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्यामुळे बांधकाम परवानगीची खातरजमा वसई-विरार शहर महापालिकेच्या नगररचना विभागातही स्वतंत्रपणे करून घेणे हिताचे ठरते.

काय तपासावे?

* प्रकल्प पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख यांतील अंतर.
* विकासकाचे मागील प्रकल्प आणि नोंदवलेले खटले.
* दर चौरस फुटाचा भाव चटई क्षेत्रावर काढलेला आहे का.
* जमिनीचा सातबारा उतारा आणि विकास आराखड्यातील आरक्षण.
* तयार इमारत असल्यास भोगवटा प्रमाणपत्र.

नोंदणीकृत करार होण्यापूर्वी विकासकाला घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून नुकसान झाल्यास कलम १२ नुसार भरपाई मागता येते; प्रकल्प सोडायचा असल्यास व्याजासह पैसे परत मिळवता येतात. त्यासाठी जाहिरातीचे पत्रक आणि पैसे भरल्याच्या पावत्या जपून ठेवणे आवश्यक आहे.

विकासकाने प्रतिकूल माहिती उघड करावी, एवढाच कायद्याचा आग्रह आहे. ती सोयीच्या माहितीइतक्याच ठळकपणे दाखवावी, असे बंधन नाही. तोवर फलक आणि नोंद यांतील अंतर ग्राहकालाच मोजावे लागणार आहे.